सर्जाचा रिकामा खुंटा

पत्राचा गोषवारा: पुण्यात नोकरी करणाऱ्या चौतिशीतल्या एका वाचक भगिनीचे हे पत्र आहे. माहेर मराठवाड्यात, सहा एकर कोरडवाहू शेती. भाऊ नाही, गावी आई आणि वडील दोघेच राहतात. चार वर्षांपूर्वी त्यांनी आणि त्यांच्या यजमानांनी कुत्र्याचे पिल्लू घरी आणले. यंदा पोळ्याला त्याला घेऊन त्या माहेरी गेल्या, तेव्हा वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, त्याला घरात घेऊ दिले नाही. ‘जनावराची जागा बाहेर,’ एवढेच ते म्हणाले. ‘तो जनावर नाही, माझा मुलगा आहे,’ असे उत्तर त्यांनी दिले. अण्णा माळकरी आहेत. कुत्र्याच्या खाद्याच्या पाकिटावरचे कोंबडीचे चित्र पाहूनही त्यांचा चेहरा उतरला होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी कळले की राजा हा पंधरा वर्षांचा बैल कुणाला तरी देऊन टाकण्याचे अण्णांच्या मनात आहे. त्याचा जोडीदार सर्जा दोन वर्षांपूर्वी गेला आणि तेव्हापासून शेतीची कामे भाड्याच्या ट्रॅक्टरने होतात. हे ऐकून या भगिनींचा तोल सुटला. ‘तुमच्यासाठी ती नुसती जनावरं आहेत. एक दिवस पूजा करायची आणि दुसऱ्या दिवशी विकायची,’ असे त्या बोलून गेल्या. अण्णा काही न बोलता गोठ्यात निघून गेले. दिवाळीला त्या माहेरी गेल्या नाहीत, आणि फोन केला की अण्णा ‘आईला देतो’ एवढेच म्हणतात. त्यांचे प्रश्न दोन आहेत: प्राण्यांनाही भावना असतात हे अण्णांना या वयात कसे समजावावे, आणि राजाला वाचवण्यासाठी काय करावे.

ताई,

तुमचे पत्र मी तीनदा वाचले. पहिल्या दोन वेळा लक्ष तुमच्या प्रश्नांवर होते. तिसऱ्या वेळी मात्र ते दोन वाक्यांपाशी अडकले, जी तुम्ही ओघात लिहून पुढे गेला आहात. सर्जा गेला तेव्हा राजाने आठ दिवस वैरणीला नीट तोंड लावले नाही आणि अण्णा तेवढे दिवस गोठ्यातच बाज टाकून झोपत होते, हे एक वाक्य. सर्जाचा खुंटा दावणीला अजून तसाच आहे, येता-जाता पायाला लागतो म्हणून आई कुरकुरते, तरी अण्णा तो उपटू देत नाहीत, हे दुसरे. जोडीदारासाठी झुरणाऱ्या बैलाजवळ ज्या माणसाने आठ रात्री काढल्या, त्याला प्राण्यांच्या भावना समजावून सांगाव्या लागतील असे मला वाटत नाही. त्याला त्या ठाऊक आहेत. त्या बोलून दाखवण्याचे त्याचे शब्द तुमच्या शब्दांहून वेगळे आहेत, आणि तुम्हा दोघांमध्ये पडलेल्या अंतराचा बराचसा भाग त्या शब्दांचा आहे. म्हणून राजाच्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी आपण थोडा वेळ शब्दांपाशी थांबू या.

‘जनावर’ हा शब्द फारसीतून मराठीत आला. ‘जान’ म्हणजे जीव, आणि ‘जानवर’ म्हणजे जीव असलेला. ‘प्राणी’ हा शब्द संस्कृतातला, त्याचा अर्थ प्राण असलेला. इंग्रजीतला ‘अ‍ॅनिमल’ हा शब्दही लॅटिन भाषेतल्या श्वास किंवा प्राण या अर्थाच्या शब्दापासूनच निघाला आहे. म्हणजे तुम्ही ‘प्राणी’ म्हणता आणि अण्णा ‘जनावर’ म्हणतात, तेव्हा मुळात दोघेही एकच गोष्ट सांगत असता, की याच्यात जीव आहे. पुढे ‘प्राणी’ या शब्दाला पाठ्यपुस्तकाची प्रतिष्ठा मिळाली, तर ‘माणूस आहेस की जनावर’ अशा बोलण्यामुळे ‘जनावर’ हा शब्द शहरात शिवीच्या जवळ जाऊन बसला. गावात तसे झाले नाही. ‘जनावरं सोडली का’, ‘जनावराला पाणी दाव’, ‘जनावर दोन दिवस रवंथ करत नाही’ ही तिथली रोजच्या कामाची आणि काळजीची वाक्ये आहेत. माझ्या आजोळी दिवेलागणीनंतर सापाला साप म्हणत नसत. ‘पडवीत जनावर निघालंय, पाय जपून टाका,’ असे आजी हलक्या आवाजात म्हणायची, आणि त्या शब्दात तिरस्काराचा लवलेश नसे. असलाच तर धाक असे आणि थोडा मानही असे. ‘जनावराला जीव लावावा लागतो’ हे वाक्य मी ज्यांच्या ज्यांच्या तोंडून ऐकले, ते सगळे गुरे राखणारे होते. अण्णांचा शब्द त्या घराण्यातला आहे. तुमच्या कानांवर तो शहरातल्या अर्थाने पडला.

शब्दांचे अर्थ असे सरकतच आले आहेत. ‘मृग’ म्हटले की आज आपल्याला हरिण आठवते, पण संस्कृतात एके काळी तो कोणत्याही रानटी प्राण्यासाठीचा शब्द होता, म्हणून तर सिंहाला मृगराज म्हणतात, शिकारीला मृगया म्हणतात आणि माकडाला शाखामृग. ‘पशू’ हा शब्द आज आपण माणसाच्या अगदी विरुद्ध टोकाला ठेवतो, इतका की एखाद्या माणसाने अत्याचार केला तरी त्याला पाशवी म्हणतो, जणू ते कृत्य बैलाने किंवा कुत्र्याने केले असावे. पण अथर्ववेदात एके ठिकाणी पाच पशू मोजले आहेत ते असे: गाय, घोडा, माणूस, शेळी आणि मेंढी. माणूस तिथे पंक्तीच्या मधोमध उभा आहे. अण्णा माळकरी आहेत म्हणजे पसायदान त्यांच्या तोंडी नेहमीचे असणार. ज्याला जे हवे ते त्याला मिळो असे मागताना ज्ञानेश्वरांनी तिथे ‘प्राणिजात’ असा शब्द घातला आहे, आणि त्यात माणूस, बैल आणि तुमचा कुत्रा हे सगळेच येतात. याउलट, प्राण्यांचा छळ रोखण्यासाठी आपल्याकडे 1960 मध्ये जो कायदा झाला, त्यात ‘प्राणी’ म्हणजे माणूस सोडून कोणताही सजीव, अशी व्याख्या केली आहे. कायद्याला माणसाची कर्तव्ये ठरवायची होती, म्हणून त्याने माणसाला बाजूला काढले. रेषा कुठे ओढायची हे प्रत्येक वेळी कामावरून ठरत आले आहे. तुमच्या घरी अण्णांनी ती उंबरठ्यावर ओढली. तुम्हाला ती तिथे अन्यायाची वाटली, आणि त्या रागात तुमची स्वतःची रेषा कुठे आहे हे पाहायचे राहून गेले.

त्या पाकिटाबद्दल मला म्हणायचे आहे. तुमचा कुत्रा तुमच्यासाठी मुलगा आहे आणि पाकिटातली कोंबडी त्याचे खाद्य आहे. मी हे दोष देण्यासाठी लिहीत नाही. कुत्र्याच्या आहारात मांस असणे स्वाभाविक आहे, आणि बहुतेक घरांत अशी एखादी रेषा असतेच. पण अण्णांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे. त्यांच्या दृष्टीने कोंबडी हाही जीव आहे आणि त्यांच्या घरात तो शिजत नाही. एका जिवाच्या प्रेमापोटी दुसऱ्या जिवाचे मांस देवघर असलेल्या घरात येत आहे, असे त्यांना दिसले असेल, तर त्यांचा चेहरा उतरणे समजण्यासारखे आहे. त्यांचा आक्षेप कुत्र्याला होता की त्या पाकिटाला, हे तुम्ही त्यांना विचारले नाही आणि त्यांनीही सांगितले नाही. मला विचाराल तर तो दोन्हींना थोडा थोडा होता, आणि पाकिटाला अधिक होता.

आता ‘मुलगा’ या शब्दाविषयी. तुम्ही त्याला मुलगा म्हणता यात मला काही गैर वाटत नाही. मराठी भाषेतच ही जवळीक मुरलेली आहे. लेकरू, वासरू, कोकरू, पाखरू हे शब्द एकाच घडणीचे आहेत आणि चारही नपुंसकलिंगी आहेत. ते लेकरू, ते वासरू. मराठवाड्यात बाप चाळिशीच्या लेकीलाही लेकरू म्हणतो आणि त्याच मायेने गाईच्या पिलाला वासरू म्हणतो. तरीही दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात असे सुचवते. पहिली अशी, की तुमच्या पत्रात मुलाबाळांचा विषय नाही आणि तो काढणे माझ्या अधिकारातलेही नाही. पण ‘हा माझा मुलगा आहे’ हे वाक्य सत्तरीच्या बापाच्या कानांवर पडते तेव्हा त्याच्या मनात काय काय येऊन गेले असेल, याचा विचार करा. त्यांनी त्यावर एकही प्रश्न विचारला नाही, हे मी त्यांच्या बाजूने मोजते. दुसरी गोष्ट तुमच्या कुत्र्याची आहे. त्याला मुलगा मानल्याने त्याचे कुत्रेपण संपत नाही. त्याला धावायला हवे, जमिनीचे वास घेत हिंडायला हवे, दिवसाचे आठ-नऊ तास बंद घरात एकट्याने काढावे लागत असतील तर सोबत हवी. नात्याचे नाव कितीही मोठे असले तरी या गरजा वेगळ्या मोजाव्या लागतात, आणि त्या कितपत भागतात हे तुम्हीच जाणता.

तुमच्या पत्रातले सर्वांत कठोर वाक्य पूजेबद्दलचे आहे, म्हणून पोळ्याविषयी थोडे सविस्तर लिहिते. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी असते. वर्षभर जू वाहून बैलाच्या मानेवर, वशिंडाच्या पुढच्या भागात, कातडे जाड आणि टणक होते, तिथले केस झडतात आणि ती जागा जुन्या चामड्याच्या पट्ट्यासारखी गुळगुळीत दिसू लागते. तिथे कोमट पाण्याचा हात फिरवून हळद आणि लोणी किंवा तूप चोळतात, अंगठ्याने हळूहळू रेटून मळतात. बैल मान खाली करतो, डोळे अर्धवट मिटतो, आणि हात थांबला की मान किंचित पुढे सारून आणखी मागतो. मग त्याला सांगतात, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ एरवी ज्याला ‘चल’ आणि ‘थांब’ म्हणून हाकायचे, त्याला त्या संध्याकाळी पाहुण्यासारखे अहोजाहो केले जाते. तुम्ही लिहिता की यंदाही अण्णांनी राजाची खांदेमळणी केली. ताई, राजाच्या मानेवर दोन वर्षांत जू चढलेले नाही. मळून मऊ करावे असे तिथे आता फारसे काही उरलेले नसणार, आणि हे अण्णांना सर्वांत जास्त ठाऊक आहे. तरी त्यांनी पाणी तापवले, हळद घेतली आणि ती मान मळली. ते कशासाठी, याचे उत्तर तुम्ही ‘एक दिवस पूजा’ या शब्दांत देऊन टाकलेत. मला ते उत्तर पटत नाही.

याचा अर्थ गावाकडचे सगळे चांगले आणि शहरातले सगळे वरवरचे, असा मात्र घेऊ नका. बैलाच्या नाकातून वेसण ओवलेली असते, त्याला लहानपणीच खच्ची केलेले असते, आणि पराणीच्या, म्हणजे बैल हाकायच्या काठीच्या, टोकाला आर, म्हणजे अणकुचीदार खिळा, लावून टोचणारे हातही गावातलेच असतात. साखर कारखान्यांच्या रस्त्यावर हंगामात उसाच्या गाड्या पाहा: गाडी चढाला लागली की बैलांचे गुडघे टेकतात, तोंडाला फेस येतो, आणि गाडीवानावरही फेऱ्या पूर्ण करण्याचे ओझे असते. तापमान 37 अंशांच्या वर जाणाऱ्या भागात दुपारी 12 ते 3 या वेळेत जनावराला ओझ्याला जुंपू नये, असा नियम आपल्याकडे 1965 पासून आहे. तो पाळलेला मी फार थोड्या ठिकाणी पाहिला. पोळ्याला पुरणपोळी आणि एरवी आर, हे ज्यांनी पाहिले त्यांना पूजेचा राग येतो, आणि त्या रागात तथ्य आहे. अण्णाही त्या रात्री चुकले असे माझे मत आहे. घरात वाढलेल्या कुत्र्याला अनोळखी गावात, भटक्या कुत्र्यांच्या भुंकण्यात रात्रभर बाहेर बांधणे ही त्याला शिक्षाच होती. पडवीत त्याची सोय करता आली असती. पण हे बोलणे दोघांनी आधी करायला हवे होते, म्हणजे फोनवर, निघण्यापूर्वी.

आता राजाविषयी लिहिते. अण्णा त्याला देऊन टाकण्याचा विचार का करतात, याचे कारण तुम्ही माया आटली असे धरले आहे. मला त्या विचारामागे वय दिसते, राजाचे आणि अण्णांचेही. पूर्ण वाढलेल्या बैलाला रोज सहा-सात किलो कोरडी वैरण लागते, वर हिरवा चारा, आणि उन्हाळ्यात पन्नास लिटरच्या आसपास पाणी. म्हातारा बैल काम करीत नाही, पण त्याचे काम थांबत नाही: वैरण तोडायची, पाणी दाखवायचे, शेण काढायचे, पावसाळ्यात गोठा कोरडा ठेवायचा. हे सगळे सत्तरीचा एक माणूस करतो आहे, आणि आपण आजारी पडलो तर या बैलाकडे कोण पाहील, हा प्रश्न त्याने कुणाजवळ बोलून दाखवलेला नाही. असे अण्णा एकटे नाहीत. पशुगणनेप्रमाणे 2012 ते 2019 या सात वर्षांत देशातल्या गोवंशातील नरांची संख्या सुमारे 30 टक्क्यांनी घटली. ट्रॅक्टर आला, दावणी रिकाम्या झाल्या, आणि जे बैल उरले ते त्यांच्या मालकांबरोबरच म्हातारे होत आहेत.

बाजाराचा मार्ग मी सुचवणार नाही, आणि अण्णांच्या मनात तो असेल असेही मला वाटत नाही. आपल्या राज्यात गाईच्या कत्तलीवर 1976 च्या कायद्याने बंदी आली आणि 2015 पासून ती बैलांनाही लागू आहे. बाजारात आदत, दुसा, चौसा अशा तरण्या बैलांना गिऱ्हाईक असते. पंधरा वर्षांच्या बैलाला शेतीसाठी कुणी घेत नाही. त्यामुळे तरीही जो घेतो, तो कशासाठी घेतो आणि बैल पुढे कुठे जातो, हे विकणाऱ्याच्या हातात राहत नाही.

दुसरा मार्ग पांजरपोळाचा किंवा गोशाळेचा. इथे एक जुनी हकिगत सांगावीशी वाटते, कारण ती तुमची आणि अण्णांची, दोघांचीही आहे. मुंबईत 1832 मध्ये सरकारी हुकमाने भटकी कुत्री मारायला सुरुवात झाली, तेव्हा कुत्र्याला पवित्र मानणारा पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि शहरात दंगल झाली. त्यानंतर दोनच वर्षांनी, 1834 मध्ये, जमशेटजी जीजीभॉय आणि त्यांच्यासारख्या दानशूर व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईचे पांजरपोळ उभे राहिले. आज भुलेश्वरात तिथे मुख्यतः गाई दिसतात, पण त्याच्या मुळाशी कुत्र्यांचा जीव वाचवण्याची तळमळ होती. कुत्र्यासाठी कळवळणारी माणसे आणि गुरांसाठी कळवळणारी माणसे तेव्हा एकाच अंगणात आली होती. राजासाठी असे ठिकाण पाहायचे झाले तर अण्णांना बरोबर घेऊन, न कळवता, शक्यतो उन्हाळ्यात जा. चाऱ्याची गंज किती आहे, पाण्याचे हौद भरलेले आहेत का, सावली पुरेशी आहे का, आणि पशुवैद्य आल्याची नोंद कुठे होते, ते पाहा. आणखी एक विचारा: दुभत्या गाईंबरोबर म्हातारे बैल किती आहेत आणि ते कुठे बांधले आहेत? या प्रश्नाच्या उत्तरावरून ती जागा कशी आहे ते चांगले कळते. तिथे ठेवले तर दरमहा खर्च पाठवण्याची जबाबदारी लेखी घ्या, कारण अशा अनेक संस्थांची जागा आणि पैसा दोन्ही अपुरे असतात.

माझे मत मात्र राजाने आपल्याच दावणीला राहावे असे आहे. पंधरा वर्षे एका खुंट्याला, एका हाताची सवय झालेला बैल या वयात नव्या जागी हलवला की खचतो, आणि सर्जा गेल्यानंतर त्याने काय केले हे तुम्हीच लिहिले आहे. त्याला ठेवायचे तर दोन गोष्टी लागतात: वैरण आणि मनुष्यबळ. वैरणीचे सोपे आहे. माघ-फाल्गुनात रब्बी ज्वारीची काढणी झाली की कडबा तुलनेने स्वस्त मिळतो आणि उन्हाळा चढला की महाग होतो. तेव्हा वर्षाचा कडबा एकदम घेऊन गंज लावून ठेवण्यासाठी तुम्ही पैसे द्या. तुमच्या कुत्र्याच्या वर्षभराच्या खाद्याशी, डॉक्टरांशी आणि औषधांशी हा आकडा ताडून पाहा, म्हणजे तो फार वाटणार नाही. म्हाताऱ्या बैलाचे दात झिजलेले असतात, त्याला अख्खा कडबा चावत नाही. तो कडबाकुट्टीवर बारीक करून द्यावा आणि पेंड भिजवून द्यावी. खुर, दात आणि जंत यांची तपासणी तालुक्याच्या पशुवैद्यकाकडून वर्षातून दोनदा व्हावी. जनावर उठत नसेल किंवा तातडी असेल तर 1962 या क्रमांकावर फोन केल्यास फिरत्या पशुवैद्यकीय पथकाची सोय आहे. खरा प्रश्न मनुष्यबळाचा आहे. सकाळ-संध्याकाळ अर्धा तास येऊन शेण काढील आणि पाणी दाखवील असा शेजारचा एखादा माणूस पगार देऊन लावता येईल का, हे आईला विचारा. अण्णांना नको. ते ‘मला काय धाड भरलीय’ म्हणून उडवून लावतील. आईला खरी अडचण माहीत असते.

अण्णांशी बोलण्याबद्दल माझे सांगणे थोडे आहे. हे फोनवर करू नका. जो माणूस ‘आईला देतो’ म्हणतो त्याच्याशी फोनवर मनातले बोलता येत नाही. एकट्या जा, या खेपेला कुत्र्याला पुण्यातच ठेवा. माफी मागायची ती फक्त त्या एका वाक्याची मागा, ‘नुसती जनावरं’ या वाक्याची. कुत्र्यावर प्रेम करण्याची माफी मागण्याचे कारण नाही आणि अण्णांनाही ती नको असेल. राजाला ठेवण्याची योजना लगेच पुढे करू नका. आधी विचारा, त्याला देण्याचे मनात का आले? आणि उत्तर येईपर्यंत गप्प राहा, मध्ये कितीही वेळ गेला तरी.

कुत्र्याला पुढे कधी न्याल तेव्हा जाण्याआधी ठरवून घ्या. पडवीत त्याची चटई, त्याचे भांडे वेगळे, पाकीट घरात येणार नाही. दोन-तीन दिवस शाकाहारी खाण्यावर भागेल का, हे त्याच्या डॉक्टरांना विचारा. रेबीजची लस वेळेवर झालेली आहे ना ते पाहा, आणि गोठ्यातल्या गोचिडांसाठी आधीच औषध लावून घ्या. शहरातल्या कुत्र्यांना गावाकडून परतल्यावर गोचीडतापाचा त्रास होतो आणि मग त्याचा राग पुन्हा गावावर निघतो.

या सदराकडे अशी पत्रे आणखीही येतात. सासूबाई मांजर घरात ठेवू देत नाहीत, नवऱ्याला कुत्र्यांची भीती आहे, लेक मांस खायचे सोडून घरातल्यांना खुनी म्हणते आहे, वडील कबुतरांना दाणे घालतात आणि सुनेला दमा आहे. त्या सर्वांना मी एकच विचारीन, की समोरचा माणूस प्राण्यांना काय म्हणतो हे क्षणभर सोडून तो त्यांच्यासाठी रोज काय करतो, ते आठवडाभर पाहिले आहे का? सासूबाई मांजराला घरात घेत नसतील, पण मागच्या दारी रोज दूध कोण ठेवते, हेही पाहावे. भीती असलेल्या माणसाला प्रेमाचे व्याख्यान देऊ नये, त्याच्या भीतीला जागा द्यावी. दमा असेल तर कबुतरांचे दाणे बंदच व्हावेत, तिथे मी सुनेच्या बाजूने आहे. आणि घरात वय झालेले जनावर असेल, बैल असो की कुत्रा, तर त्याच्या शेवटच्या वर्षांचा खर्च आणि जबाबदारी तो धडधाकट असतानाच ठरवून ठेवावी. नंतर तो विषय नेहमी भांडणातूनच निघतो.

ताई, तुम्ही जाल तेव्हा अण्णा बहुधा गोठ्यातच असतील. चप्पल बाहेर काढून आत जा आणि काही न बोलता राजाला वैरण टाकू लागा. सर्जाच्या खुंट्याबद्दल तुम्ही काही विचारू नका. त्यांनी स्वतःहून विषय काढला तर मात्र तिथेच बाजेवर बसा आणि ते सांगतील ते सगळे ऐका.